रिकामं काडतूस

सुरतेत भागळजवळ आमच्या आजोळच्या माणसांचा एक ठरलेला सोनार होता. १९५८ सालच्या हिवाळ्यात माझा मामा त्याच्या दुकानात गेला आणि त्याने तराजूत बंदुकीच्या तीन गोळ्या तोलून घेतल्या. तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडिलांच्या सारख्या बदल्या होत, म्हणून मला शिक्षणासाठी नानपुऱ्यात आजोळी ठेवलं होतं. मामा जिथे जाईल तिथे मी त्याच्या मागे असे.

गोळ्या आण्णांच्या होत्या. आण्णा म्हणजे माझे आजोबा. बडोदे संस्थानच्या जंगल खात्यात त्यांची सगळी नोकरी नवसारी प्रांतात, सोनगड-व्यारा भागात झाली. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि थोड्याच दिवसांत ते निवृत्त होऊन सुरतेला आले. खराब झालेल्या जुन्या काडतुसांतली दारू काढून टाकून त्यांच्या गोळ्या ते एका डबीत ठेवत. त्यांतल्या तीन मामाने मागून आणल्या होत्या.

सोनाराने पहिली गोळी पारड्यात टाकली. ती .३०० मॅग्नमची होती. काटा थेट मध्यावर आला.

"वकीलसाहेब, आ तो पूरो एक तोलो छे!" सोनार म्हणाला.

त्याला नवल वाटलं, पण हिशोब साधा आहे. विलायती गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. ती गोळी १८० ग्रेनची होती, आणि कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचाच ठरवून दिला होता. दुसरी गोळी .३७५ मॅग्नमची, ३०० ग्रेनची. ती वीस मासे भरली. तिसरी आण्णांच्या स्वतःच्या जुन्या .२७५ रायफलची, १४० ग्रेनची. ती कशीबशी सव्वानऊ मासे भरली. मामाने ती उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "एवढ्याशाने काय होणार?" तो म्हणाला.

मामा तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. सुरतेच्या कोर्टात त्याची वकिली नुकतीच चालू लागली होती आणि कलेक्टर कचेरीतून रायफलीचा परवानाही मिळाला होता. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे दोन वापरलेल्या रायफली विकायला होत्या. दोन्ही हॉलंड अँड हॉलंडच्या काडतुसांच्या, दोन्ही मॅग्नम. पैसे एकीपुरतेच होते. पुढचा महिनाभर आमच्या घरात जेवताना, अंघोळीला जाताना, आजीची भाजी निवडून देताना मामा दुसरं काही बोललाच नाही.

मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये मोठं. वाइनच्या दुप्पट आकाराच्या बाटलीला हे नाव होतं, ते पुढे जास्त दारू भरलेल्या काडतुसालाही मिळालं. .३७५ आलं १९१२ साली. त्याच्या पितळी बुडाशी कंबरपट्ट्यासारखी एक कडी असते, त्यामुळे निमुळतं काडतूस नळीत नेमक्या जागी अडकून बसतं. आकार मुद्दामच निमुळता ठेवलेला. त्या काळची कॉर्डाइट दारू शेवयांसारख्या लांब काड्यांची असे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात काडतूस तापलं की तिचा दाब वाढतो, आणि सरळ उभ्या भिंतींचं कवच नळीत चिकटून बसण्याची भीती असते. निमुळतं कवच सुटून येतं. वीस माशांची ती गोळी सेकंदाला अडीच हजार फुटांच्या वेगाने जाते, आणि हरणापासून हत्तीपर्यंत सगळ्यांना पुरते. .३०० हे तिचं धाकटं भावंड, १९२५ सालचं. त्याची गोळी हलकी, वेग तीन हजारांच्या जवळ, म्हणून लांबवर सपाट जाते.

मामा दोघांचंही वकीलपत्र घेई. सकाळी .३७५ ची बाजू मांडे, रात्री .३०० ची. आण्णा ऐकत. एकदा पोंक खाताना त्यांनी विचारलं. सुरतेच्या थंडीत तापीकाठी ज्वारीचा कोवळा हुरडा मिळतो, त्याला पोंक म्हणतात. सोबत शेव आणि लिंबू-मिरी. त्या पानावरच हे बोलणं झालं, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

"मारायचं काय आहे?"

"बिबट्या. सोनगडकडचे लोक सारखे येतात ना तुमच्याकडे."

"किती लांबून?"

"मचाणावरून. वीस-पंचवीस पावलं."

"मग तीनशे पावलं सपाट जाणारी गोळी कशाला? आणि हत्ती कुठे आहे?"

मामा थोडा गप्प झाला. मग त्याने जे उत्तर दिलं ते खरं होतं. इतके दिवस तो जे बोलत होता त्याच्या मुळाशी तेच होतं. "आण्णा, रात्रीची वेळ, अंधार. माझ्या हातून थोडं चुकलं तरी मोठी गोळी सांभाळून घेईल."

आण्णांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्यांनी तेव्हाच बोलायला हवं होतं असं मला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे, आणि ही गोष्ट सांगून कळण्यातली नव्हती असं वाटतं.

.३७५ घरी आली. मामाने एका शेताच्या बांधावर चार बार काढले. चौथ्यानंतर तो खांदा चोळत थांबला. संध्याकाळी आजीने हळद-तेल लावलं तेव्हा मी पाहिलं, गळ्याच्या हाडाखाली वांग्याच्या रंगाचा डाग पडला होता. काडतुसं महाग होती आणि परवान्यावर मोजून मिळत. "बसलीय रायफल," मामा म्हणाला, आणि सराव तिथेच संपला.

जानेवारीत सोनगडच्या पलीकडून निरोप आला. बिबट्याने एका वस्तीवरची दोन वासरं नेली होती. आम्ही उधन्याहून तापी व्हॅलीच्या गाडीने निघालो. बारडोली, व्यारा, मग सोनगड, तिथून बैलगाडी. ती वस्ती आज नकाशावर सापडणार नाही. १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं आणि तापीकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली, त्यांत तीही गेली. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि शिकारीचं ते जगच संपलं. ते संपलं हे बरं झालं. ज्या पाण्याने जंगल बुडवलं, त्याच्याच कालव्यांवर बारडोली-मांडवीकडे उसाचे मळे पसरले. आज बिबट्याच्या माद्या त्याच उसात पिल्लं घालतात. तोडणीच्या वेळी मजुरांना सरीत पिल्लं दिसतात आणि माणूस नि जनावर दोघंही घाबरतात. तेव्हा मला मामाचं ते वाक्य आठवतं. मोठं काहीतरी आपली चूक सांभाळून घेईल, ही आशा शिकाऱ्याइतकीच सरकारलाही असते.

वस्तीवर आण्णांचा जुना पागी होता. पग म्हणजे पाऊल. पाऊल वाचणारा तो पागी. गामीत जमातीचा, आण्णांहून चार-पाच वर्षांनी लहान. मी त्याला पागीकाका म्हणे. वस्तीच्या शिवेवर वाघदेवाचा लाकडी खांब होता. त्यावर वाघ कोरलेला, शेंदूर फासलेला. त्या भागात वाघबारसेला त्याची पूजा करतात आणि गुरांना सांभाळ म्हणतात. मचाणावर जाण्याआधी पागीकाका तिथे नारळ ठेवून आला. "काय मागितलंस?" मी विचारलं. "त्याला त्रास होऊ नये," तो म्हणाला. तो कोणाविषयी बोलतोय हे मला तेव्हा उमगलं नाही.

मोहाच्या झाडावर मचाण बांधलं होतं. वर मामा आणि पागीकाका. आण्णांचे गुडघे दुखत, म्हणून ते माझ्यासोबत वस्तीवरच थांबले. पुढचं मी दोघांच्या तोंडून अनेकदा ऐकलं आहे. रात्री साडेनऊच्या सुमाराला बिबट्या वासराशी आला. वीस पावलांवर, संपूर्ण आडवा. पागीकाकाने रायफलीला बांधलेली बॅटरी लावली. बिबट्याने मान वर केली आणि तो स्तब्ध राहिला. खांद्यामागची जागा चांगली तळहाताएवढी दिसत होती. मामाने चाप ओढला.

वस्तीवर तो आवाज आम्हाला जमिनीतून आला. मग एक डरकाळी. मग काहीच नाही.

"लागली!" मामा म्हणाला.

"लागली," पागीकाका म्हणाला, "पण कुठे?"

रात्री जखमी बिबट्याच्या मागे कोणी जात नाही. पण सकाळी जावंच लागतं. याला शिकारीच्या जगात पर्याय नसतो. ज्याने बार काढला त्याने शेवट करायचा, नाहीतर ते जनावर कुजत मरतं, किंवा शिकार करता येईनाशी झाली की माणसाकडे वळतं. कुमाऊं-गढवालातल्या काही नरभक्षकांच्या अंगावर चुकलेल्या गोळ्यांच्या जुन्या जखमा होत्या, असं शिकारी कॉर्बेटने लिहून ठेवलं आहे.

उजाडल्यावर आण्णा दुनळी घेऊन निघाले. दाट झाडीत चार हातांवर जनावर उठलं तर रायफलीपेक्षा छऱ्यांची दुनळी बरी. मोहाखाली रक्त होतं, आणि हाडाची करंगळीच्या नखाएवढी एक कपची. आण्णांनी ती बोटांवर घेऊन निरखली.

"पुढचा पाय. खालून."

मामा म्हणाला, "शक्य नाही. मी खांद्यावर धरली होती."

चारशे पावलांवर ओढ्याच्या काठी घाणेरीचं रान होतं. बिबट्या समोरून आला नाही, बाजूने आला. पागीकाकाने डावा हात आडवा घातला म्हणून गळा वाचला. आण्णांनी दुनळी जनावराच्या कानामागे जवळजवळ टेकवून चालवली. सगळं इतक्या पटकन झालं की मामाची रायफल त्याच्या खांद्यापर्यंतसुद्धा गेली नव्हती.

मला वस्तीवरून नंतर बोलावलं. नर होता, हाडकुळा. उजवा पुढचा पाय कोपराखाली तुटून कातड्याला लोंबत होता. रात्रभर तीन पायांवर तो ओढ्यापर्यंत गेला होता, आणि पाण्याशी बसल्याची खूण चिखलात उमटली होती. तहान लागली असणार. आण्णांनी खाली बसून त्या लोंबत्या पायावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मी त्यांना असं बसलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पागीकाकाला बैलगाडीने स्टेशनपर्यंत आणि तिथून गाडीने सुरतेला आणलं. बिबट्याच्या नखांत सडकं मांस असतं, त्यामुळे जखमेपेक्षा तिचा विकार वाईट. पेनिसिलिन निघालं नसतं तर हात गेला असता, कदाचित माणूसही. बावीस दिवस तो इस्पितळात होता. आजी रोज डबा पाठवी आणि मी तो नेऊन देई. हात वाचला. करंगळी आणि तिच्याजवळचं बोट मात्र पुन्हा कधी मिटलं नाही.

त्या बावीस दिवसांत मामाने कारणं शोधली. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, सरकली असेल. काडतूस जुनं असेल, कॉर्डाइटला दमट हवा लागली असेल. बॅटरीच्या उजेडात अंतर फसलं असेल. मग एके रात्री तो जेवताना म्हणाला, "मुळात .३७५ कमी पडली. अमेरिकेत विंचेस्टरने .४५८ मॅग्नम काढलीय दोन-तीन वर्षांपूर्वी. पाचशे ग्रेनची गोळी."

आजीने वाढता वाढता हात आखडला. आण्णा एवढंच म्हणाले, "पागी घरी जाईल तेव्हा आपण त्याला पोचवायला जाऊ. रायफल घे."

निघण्याच्या आदल्या रात्री आण्णा कंदिलाशी काहीतरी करत बसले होते. मचाणावरच्या बाराचं रिकामं पितळी कवच पागीकाकाने जपून ठेवलं होतं, ते त्यांच्या हातात होतं. त्यांनी त्याची फुटलेली टोपी ठोकून काढली आणि तिथे कातड्याचा तुकडा बसवला. तोंडाशी डबीतली वीस माशांची गोळी दाबली. आत दारूचा कणही नव्हता. बाहेरून पाहिलं तर नवं काडतूस.

सोनगडच्या किल्ल्याखाली मातीचा एक उंच कडा होता. पिलाजीराव गायकवाडांचा तो किल्ला. बडोद्याच्या घराण्याचं पहिलं ठाणं. आण्णांनी कड्यावर चुन्याने ताटलीएवढा गोल काढला आणि पंचवीस पावलं मोजली. पागीकाका गळ्यात बांधलेल्या हाताने दगडावर बसला. मी त्याच्या शेजारी.

"मी भरून देईन," आण्णा म्हणाले. "तू फक्त नेम धर आणि चाप ओढ."

पहिला बार गोलाच्या वीतभर खाली गेला. दुसरा खाली आणि डावीकडे. आण्णांनी मामाकडे पाठ करून तिसरं काडतूस भरलं, बोल्ट सरकवला आणि रायफल दिली. मामाने श्वास घेतला, नेम धरला, चाप ओढला.

टक्.

बार उडालाच नाही. आणि तरीही आमच्या डोळ्यांदेखत रायफलीची नळी चार बोटं खाली गेली. मामाचा खांदा पुढे फेकला गेला होता, मान आखडली होती आणि दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते. येणार नसलेल्या धक्क्याला तो सामोरा गेला होता.

डोळे उघडून त्याने आधी नळीकडे पाहिलं, मग आण्णांकडे. कोणी काही बोललं नाही. खाली रस्त्यावर एक गाडीवान बैलांना हाकारत होता, तेवढाच आवाज.

पागीकाका खरोखर न कळून विचारावं तसं म्हणाला, "भाऊ, बंदूक तर फुटली नाही. मग तुम्ही कशाला घाबरलात?"

"गोळी नळीतून निघायच्या आधी तू निघालास," आण्णा म्हणाले. "त्या रात्रीही."

त्यांनी बोल्ट ओढून काडतूस बाहेर काढलं आणि मामाच्या हातात दिलं. बुडाची टोपी नव्हती, तिथे कातडं होतं. मामाने ते ओळखलं. बाजूला एक ओरखडा होता, मचाणाच्या बांबूवर पडल्याचा.

माणूस एवढ्यावर हार मानत नाही. थोड्या वेळाने मामा हळू आवाजात म्हणाला, "मग .३०० घ्यायला हवी होती. धक्का कमी."

आण्णांनी स्वतःची .२७५ पुढे केली. तिचा धक्का .३७५ च्या जेमतेम तिसरा हिस्सा. दोन बार खरे, तिसरं काडतूस तसंच रिकामं. टक् झालं, आणि याही वेळी नळी खाली गेली. दोन बोटं, पण गेली. खांद्याला जे चार बारांत कळलं होतं ते तो आता हलक्या रायफलीतही विसरत नव्हता. मामा मातीत बसला आणि त्याने तोंड ओंजळीत घेतलं. पागीकाका उठला, जवळ गेला, आणि चांगला हात त्याच्या पाठीवर ठेवून उभा राहिला. ज्याच्या चुकीने आपली दोन बोटं गेली त्याच्या पाठीवर.

.३७५ परत मुंबईला गेली. ती वाईट होती म्हणून नव्हे. गव्याच्या जाड कातड्याला, हत्तीच्या कवटीला तसलीच जड, न पसरणारी, पोलादी वेष्टनाची गोळी लागते, आणि आफ्रिकेतल्या कित्येक मुलखांत मोठ्या जनावरासाठी .३७५ हून लहान काडतूस वापरूच देत नाहीत. ज्याला तो धक्का पेलतो त्याच्या हातात ते न्यायाचं हत्यार आहे. पण रुद्रप्रयागच्या बिबट्याने १९१८ ते १९२६ या काळात सव्वाशे माणसं मारली होती, आणि कॉर्बेटने तो .२७५ नेच मारला. बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत हजारावर हत्ती मारले, त्यांतले बहुतेक याच बारीक गोळीने. इतके हत्ती मारणं भूषणाचं आहे असं मला वाटत नाही. मात्र गोळी कुठे जाणार हे त्याला दर वेळी ठाऊक होतं, म्हणून त्याला मोठीची गरज पडली नाही. मामाने ही पुस्तकं आधीही वाचली होती. तेव्हा तो म्हणे, नशीबवान माणसं.

पुढचं वर्ष आमच्या नानपुऱ्याच्या घरात एक वेगळा आवाज असे. दोन वर्षांपूर्वीच दशमान नाणी आली होती. आण्णा रिकाम्या .२७५ च्या नळीवर, टोकाशी, तांब्याचा एक नवा पैसा ठेवत. माडीच्या भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका. मामाने ठिपक्यावर नेम धरून चाप ओढायचा. पैसा पडता कामा नये. रोज सकाळी कोर्टात जाण्याआधी पन्नास वेळा. पडलेला पैसा माझा, असा आण्णांचा नियम होता.

पहिल्या आठवड्यात मी श्रीमंत झालो. तापीकाठी जाऊन स्वतःच्या पैशांचा पोंक खाल्ला. मग फरशीवर पैसा वाजण्याचा आवाज कमी कमी होत गेला. होळीपर्यंत दिवसाला दोन-तीन, पावसाळ्यात आठवड्याला एखादा. दिवाळीच्या सुमाराला मी दारात नुसता उभा राही, आणि टक्, टक्, टक् एवढंच ऐकू येई. मला त्या आवाजाचं वाईट वाटत नव्हतं. मामा बोलायला कमी झाला होता, कोर्टातही. आजी म्हणे, हा आता ऐकून घेतो.

ते रिकामं काडतूस त्याच्या टेबलावर शाईच्या दौतीशेजारी उभं असे. पाहुणे ते उचलून विचारत, "केवढं हो हे! कशासाठी?" तो सांगत असे. सगळं सांगत असे, पागीच्या बोटांसकट. एकदाही त्याने माशीला किंवा दारूला दोष दिलेला मी ऐकला नाही.

१९६० च्या जानेवारीत पुन्हा निरोप आला, शेजारच्या वस्तीवरून. बिबट्या, वासरू. आण्णांनी मामाला .२७५ दिली आणि पाच काडतुसं त्याच्या तळहातावर एकेक मोजून ठेवली. मोजून देणं, परतल्यावर मोजून घेणं ही त्यांची खात्यातली सवय. मचाणावर पुन्हा पागीकाका. त्यानेच जायचं ठरवलं. त्याला कोणी म्हटलं नव्हतं.

मी आण्णांच्या शेजारी झोपडीत घोंगडीखाली जागा होतो. दहा वाजले, अकरा वाजले. कुत्री मध्येच एकदम गप्प झाली, आणि आण्णा उठून बसले. आम्ही बाराची वाट पाहत होतो. माझे कान दुखू लागले. मग बऱ्याच वेळाने कुत्री पुन्हा भुंकू लागली, आणि आण्णा आडवे झाले. मला झोप लागली.

पहाटे आम्ही झाडाखाली गेलो. धुकं होतं. वासराचं मांडीकडचं मांस खाल्लेलं होतं. पागीकाका आधी उतरला आणि न मिटणाऱ्या बोटांच्या हाताने त्याने मामाला आधार देऊन खाली घेतलं.

"आला होता," मामा म्हणाला. "अर्धा तास होता. तोंड माझ्याकडे, पुढे वासरू. एकदा वळला, पण थंडीने हात हलत होता. माशी त्याच्या खांद्यावर थांबतच नव्हती."

ज्याचं वासरू गेलं होतं तो माणूस तिथेच उभा होता. तो चिडला, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. एवढ्या लांबून येऊन, समोर आलेलं जनावर सोडून दिलं. मामाने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग त्याला बाजूला नेऊन वासराची किंमत विचारली, आणि आज रात्री पुन्हा बसतो म्हणाला. आण्णा मध्ये पडले नाहीत.

त्यांनी हात पुढे केला. मामाने खिशातून चार काडतुसं काढून दिली, बोल्ट ओढून नळीतलं पाचवं दिलं. थंडीने ती इतकी गार झाली होती की आण्णांनी ती मुठीत धरली आणि मूठ घोंगडीखाली नेली. मग पागीकाकासमोर मूठ उघडली. पागीकाकाने चांगल्या हाताच्या बोटाने एकेकाला शिवून मोजली.

"पाच," तो म्हणाला, आणि चुलीवर चहाचं भांडं ठेवायला गेला.